‘अंक-अक्षरी’ गिटहबवर: रिपॉझिटरी आणि मुखपृष्ठ, पहिल्या फोल्डरपासून

माझी मामेबहीण तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत काम करते. पावतीवर आकडा लिहिला की शेजारी तीच रक्कम अक्षरी लिहावी लागते, आणि दिवसभर पावत्या फाडून झाल्या की ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’मध्ये हात चुकतोच. तिच्यासाठी मी जावास्क्रिप्टमध्ये ‘अंक-अक्षरी’ नावाचा एक लहान प्रोग्रॅम लिहिला. १,२५,७५० टाका, ‘एक लाख पंचवीस हजार सातशे पन्नास’ मिळेल. मराठीत हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे एकपासून नव्व्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतःचं नाव आहे. ‘एकोणतीस’, ‘एकोणचाळीस’ अशी ‘एकोण’ची रांग नव्वदच्या अलीकडेपर्यंत नीट चालते आणि नव्व्याण्णवला तुटते. नुसते १०० म्हणजे ‘शंभर’, पण १०१ म्हणजे ‘एकशे एक’. त्यामुळे नियम थोडे आणि तक्ता मोठा, असा हा प्रोग्रॅम.

तो मी तिला व्हॉट्सॲपवर झिप करून पाठवायचो. ‘नवीन’, ‘नवीन-२’, ‘अंतिम’ अशा नावांनी. मग एक दिवस माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. उरली ती फक्त तिच्या फोनमधली सगळ्यात जुनी झिप, जिच्यात १०० ला ‘एकशे’ असंच येत होतं. तीन महिन्यांच्या दुरुस्त्या मी पुन्हा आठवून आठवून केल्या, आणि त्यानंतरच हे सगळं गिटहबवर नीट मांडलं. ते कसं केलं ते इथे पहिल्यापासून लिहितो आहे. तुमचा प्रोग्रॅम वेगळा असेल, पण वाट हीच.

एक सूचना आधीच: हा लेख पूर्ण देवनागरीत आहे, म्हणून आज्ञा, फाइलींची नावं आणि अंकसुद्धा देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये (म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून देतात त्या खिडकीत) आणि ब्राउझरमध्ये ते सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचं. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे मी तसं सांगेन.

गिट वेगळं, गिटहब वेगळं

हा फरक कळला नाही की पुढे सगळा गोंधळ होतो. गिट हा तुमच्या संगणकावर चालणारा, फोल्डरातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याचं, काम ज्या बिटकीपर नावाच्या व्यावसायिक साधनावर चालायचं, त्याचा मोफत वापर २००५ साली बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. गिटहब ही २००८ साली सुरू झालेली सेवा. गिटने सांभाळलेलं फोल्डर, म्हणजेच रिपॉझिटरी, ती आपल्या सर्व्हरवर ठेवून घेते आणि लोकांना दाखवते. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली.

गिटची खरी ताकद अशी की प्रत्येक प्रत पूर्ण असते. सर्व्हरवर जे आहे ते सगळं, पहिल्या दिवसापासूनच्या इतिहासासकट, तुमच्या लॅपटॉपवरही असतं आणि ज्याने ज्याने क्लोन केलं, म्हणजे प्रत उतरवून घेतली, त्याच्याकडेही असतं. याचं महत्त्व गुगल कोड ही अशीच सेवा बंद झाली तेव्हा अनेकांना कळलं. गुगलसारख्या कंपनीची ती सेवा, तरी २०१५ च्या मार्चमध्ये घोषणा झाली आणि २०१६ च्या जानेवारीत ती बंद पडली. म्हणून गिटहबला मी घर मानत नाही, भाड्याची चांगली जागा मानतो. सामान कधीही हलवता आलं पाहिजे, अशा बेताने मांडायचं.

आधी फोल्डर आवरा

वेबसाइट उघडण्याची घाई करू नका. अर्धं काम इथेच आहे.

एक नवं फोल्डर करा आणि त्याला रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता नाव द्या. माझं ‘अंक-अक्षरी’, मध्ये आडवी रेघ. आतल्या फाइलींनाही तसंच. देवनागरी नावं चालत नाहीत असं नाही, पण वेबच्या पत्त्यात त्या प्रत्येक अक्षराची टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ होते, आणि तो पत्ता कुणाला फोनवर सांगता येत नाही. फाइलींच्या आत मात्र हवं तेवढं मराठी लिहा.

माझ्या फोल्डरात प्रोग्रॅमच्या दोन फाइली आहेत. एकीत तर्क आणि दुसरीत फक्त शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतची नावं, एका ओळीवर एक. हे मुद्दाम वेगळं ठेवलं. ‘ब्याऐंशी’ की ‘ब्यायशी’, यावर मत असलेली माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना जावास्क्रिप्ट येत नाही. त्यांना यादीची फाइल उघडून एक शब्द दुरुस्त करता यावा. तुमच्या प्रोग्रॅममध्येही जे भाषेचं किंवा माहितीचं आहे ते कोडपासून वेगळं काढा. मदत करणारे वाढतात.

मग तीन फाइली अशा, ज्या प्रोग्रॅम चालवायला लागत नाहीत, पण रिपॉझिटरीला लागतात.

पहिली ‘रीडमी.एमडी’. तिच्या नावातले ‘रीडमी’ हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे. गिटहब ही फाइल रिपॉझिटरीच्या पानावर आपोआप उलगडून दाखवतो. प्रोग्रॅम काय करतो, कसा चालवायचा, चूक सापडली तर कुठे सांगायची, आणि वापरायची परवानगी कोणती, एवढं पुरे. मी आधी मराठीत लिहिलं आणि खाली इंग्रजीत चार ओळी दिल्या. मराठी संख्यावाचनाचा प्रोग्रॅम शोधणारा माणूस मराठी वाचणारा असण्याचीच शक्यता जास्त, मग मराठी खाली का ढकलायचं?

दुसरी ‘.गिटइग्नोर’, नावाची सुरुवात टिंबाने. ज्या फाइली गिटने पाहू नयेत त्यांची नावं हिच्यात, प्रत्येक ओळीवर एक. नोड वापरत असाल तर ‘नोड_मॉड्यूल्स’, मॅकवर असाल तर ‘.डीएस_स्टोअर’ (‘डी’ आणि दोन्ही ‘एस’ मोठे), आणि पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्या असलेली ‘.एनव्ही’ तर नक्कीच. ही फाइल पहिल्या कमिटच्या, म्हणजे गिटमधल्या बदलांच्या पहिल्या नोंदीच्या, आधी हवी. एकदा का पासवर्ड इतिहासात गेला आणि तो इतिहास सर्व्हरवर चढला, की नंतर फाइल पुसून उपयोग नाही, कारण जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. तसं झालंच तर आधी तो पासवर्ड रद्द करून नवा घ्या, इतिहास साफ करण्याचं नंतर बघा.

तिसरी ‘लायसन्स’, मोठ्या अक्षरांत आणि पुढे काही न जोडता. हिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि मला ते मनापासून खटकतं. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे तो सगळ्यांनी वापरावा अशी परवानगी मिळाली, असं नसतं. परवाना लिहिला नसेल तर कॉपीराइट पूर्णपणे तुमच्याकडेच राहतो. गिटहबवर लोक तो वाचू शकतात, स्वतःच्या खात्यात त्याची प्रत (फोर्क) काढू शकतात, पण आपल्या कामात वापरण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. एखाद्या शाळेच्या शिक्षकाला तुमचा प्रोग्रॅम आपल्या पानावर लावायचा असेल आणि तो प्रामाणिक असेल, तर तो थांबेल. ‘कुणीही वापरा, फक्त माझं नाव राहू द्या’ असं म्हणायचं असेल तर एमआयटी परवाना. ‘वापरा, पण बदल करून पुढे दिलंत तर तेही असंच खुलं ठेवा’ असं असेल तर जीपीएल. मी एमआयटी घेतला, कारण मला तो पतसंस्थांच्या पावती-प्रोग्रॅममध्ये शिरायला हवा आहे. परवान्याचा मजकूर स्वतः रचू नका, ठरलेला मजकूर जसाच्या तसा घ्या, फक्त वर्ष आणि नाव भरा.

पहिलं कमिट

गिट-एससीएम.कॉम वरून गिट उतरवून घ्या. लिनक्सवर कधीकधी ते आधीच असतं. टर्मिनल उघडून तीन गोष्टी एकदाच सांगायच्या:

गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.नेम "तुमचं नाव"
गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.ईमेल "तुमचा ईमेल"
गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

तिसरी आज्ञा आपल्यासारख्यांसाठी. कधी देवनागरी नावाची फाइल आलीच तर गिट तिचं नाव उलट्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात दाखवतो. ही आज्ञा दिली की नाव वाचता येतं.

दुसऱ्या आज्ञेतला ईमेल प्रत्येक कमिटबरोबर कायमचा छापला जातो आणि उघड्या रिपॉझिटरीत तो कुणालाही दिसतो. ते नको असेल तर खातं काढल्यावर सेटिंग्जमधल्या ‘ईमेल्स’ विभागात पत्ता खासगी ठेवण्याची खूण करा. तिथे गिटहब तुम्हाला एक वेगळा, ‘नोरिप्लाय’ असलेला पत्ता देतो. तोच इथे लिहा, आणि पहिलं कमिट करण्यापूर्वी लिहा.

आता फोल्डरच्या आत जाऊन:

गिट इनिट -बी मेन
गिट ॲड .
गिट स्टेटस

‘ॲड’नंतरचं टिंब म्हणजे ‘इथलं सगळं’. स्टेटसची यादी डोळ्यांखालून घाला. नको असलेली फाइल दिसली तर ‘.गिटइग्नोर’मध्ये घाला, ‘गिट आरएम --कॅश्ड’ पुढे तिचं नाव देऊन ती यादीतून काढा आणि पुन्हा बघा. यादी मनासारखी झाली की:

गिट कमिट -एम "शून्य ते नव्व्याण्णव: नावांचा तक्ता आणि मूळ रूपांतर"

कमिटचा संदेश मराठीत लिहिला तर चालतो, गिटहबवर तो व्यवस्थित दिसतो. मात्र ‘बदल’, ‘दुरुस्ती’, ‘नवीन’ असले संदेश लिहू नका. ‘१०० साठी एकशे ऐवजी शंभर’ असं लिहा. सहा महिन्यांनी तुम्हीच परके होऊन ती यादी वाचणार आहात.

खातं आणि किल्ली

गिटहबवर खातं काढताना वापरकर्तानाव विचारपूर्वक निवडा. त्यात रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच चालतं, आणि हेच नाव तुमच्या मुखपृष्ठाच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या वेबपानाच्या, पत्त्यात येणार आहे. टोपणनावाची हौस असेल तर हरकत नाही, पण बहिणीला किंवा शाळेतल्या बाईंना फोनवर सांगता येईल असं ठेवा.

खातं झालं की लगेच दुहेरी पडताळणी चालू करा. २०२३ पासून कोड चढवणाऱ्यांना गिटहबने ती टप्प्याटप्प्याने सक्तीची केली आहे. त्या वेळी मिळणारे सुटकेचे कोड कागदावर छापून घरातल्या कागदपत्रांत ठेवा. फोन हरवल्यावर तेच उपयोगी पडतात.

आता किल्ली. २०२१ च्या ऑगस्टपासून गिटहबवर नुसत्या पासवर्डाने कोड चढवता येत नाही. जुन्या माहितीवरून चालणारे पुष्कळ जण इथेच अडकतात: पासवर्ड बरोबर असतो आणि तरी नकार येतो. सोपा आणि टिकाऊ मार्ग एसएसएच किल्लीचा:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -सी "तुमचा ईमेल"

(इथला ‘सी’ मोठा.) जागा विचारली की एंटर दाबा, मग सांकेतिक वाक्य द्या. दोन फाइली तयार होतात. जिच्या नावाच्या शेवटी ‘.पब’ आहे ती सार्वजनिक, ती कुणालाही द्यायला हरकत नाही. दुसरी कुणालाही द्यायची नाही, कुठेही चढवायची नाही. मी त्यांना कुलूप आणि किल्ली समजतो. कुलूप गिटहबच्या दारावर, किल्ली आपल्या खिशात. ‘.पब’ फाइलमधली एकच लांब ओळ उचलून गिटहबच्या सेटिंग्जमध्ये ‘एसएसएच अँड जीपीजी कीज’ या विभागात चिकटवा. मग तपासा:

एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम

(इथला ‘टी’ मोठा.) पहिल्यांदा जोडताना समोरच्या सर्व्हरचा ठसा दाखवून ‘येस’ म्हणायला सांगतात. गिटहबने आपल्या मदतपानांवर खरे ठसे दिले आहेत, एकदा जुळवून घ्या. उत्तरात तुमचं नाव घेऊन अभिवादन आलं आणि पुढे शेल मिळणार नाही असं लिहिलं, तर काम झालं. ती वाक्यरचना नकारासारखी वाटते, पण ती होकाराचीच आहे.

रिपॉझिटरी काढणं आणि चढवणं

वर उजवीकडच्या अधिकच्या खुणेतून ‘न्यू रिपॉझिटरी’. नाव फोल्डरचंच द्या. वर्णनाची एक ओळ भरा, शोधात तीच दिसते. ‘पब्लिक’ निवडा. मोफत खात्यावर मुखपृष्ठाची सोय फक्त सार्वजनिक रिपॉझिटरीला मिळते.

खाली रीडमी, गिटइग्नोर आणि लायसन्स जोडून देण्याचे पर्याय दिसतील. ते तसेच रिकामे सोडा. आपण तिन्ही फाइली आधीच केल्या आहेत. तिथेही त्या जोडल्यात तर सर्व्हरवर एक वेगळा इतिहास सुरू होतो, तुमच्या संगणकावरचा वेगळा, आणि चढवताना गिट ‘रिजेक्टेड’ म्हणून परत पाठवतो. नवख्या माणसाचा पहिला अर्धा दिवस इथे जातो.

रिकामी रिपॉझिटरी तयार झाली की पुढच्या पानावर गिटहब स्वतःच आज्ञा दाखवतो. ‘एसएसएच’ निवडून त्या उचलायच्या:

गिट रिमोट ॲड ओरिजिन गिट@गिटहब.कॉम:वापरकर्ता/अंक-अक्षरी.गिट
गिट पुश -यू ओरिजिन मेन

पान ताजं करा. फाइली दिसतात, खाली रीडमी उलगडलेली असते, उजवीकडे परवान्याचं नाव येतं. इथून पुढे रोजचं काम तीन आज्ञांचं: ॲड, कमिट, पुश. मोठ्या फाइलींचं मात्र भान ठेवा. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेत नाही.

मुखपृष्ठ कुणासाठी

रिपॉझिटरीचं पान कोड लिहिणाऱ्यांसाठी असतं. मी मोठ्या अभिमानाने त्याचा दुवा बहिणीला पाठवला. तिने विचारलं, “दादा, यात आकडा कुठे टाकायचा?” तिचं बरोबर होतं. फोल्डरांची यादी, फांद्या, तारे यांत तिच्या कामाचं काहीच नव्हतं. मुखपृष्ठ हे तिच्यासाठी, म्हणजे जिला रिपॉझिटरी हा शब्द कधीच लागणार नाही तिच्यासाठी. म्हणून पान उघडताच सर्वात वर आकड्याची चौकट आणि तिच्या खाली मोठ्या अक्षरांत उत्तर. प्रकल्पाची माहिती त्याखाली दोन ओळींत, आणि शेवटी रिपॉझिटरीचा दुवा.

फाइलचं नाव ‘इंडेक्स.एचटीएमएल’, सगळं लहान अक्षरांत. मराठी पानासाठी तिच्यात काही गोष्टी न चुकता हव्यात. एचटीएमएलच्या मूळ टॅगला ‘लँग’ हा गुणधर्म देऊन त्याची किंमत ‘एमआर’ ठेवा. मोठ्याने वाचून दाखवणारी साधनं त्यावरून मराठी उच्चार निवडतात, आणि ज्या फाँटांमध्ये सोय आहे त्यांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्यावरून येतात. हेडच्या अगदी सुरुवातीला ‘मेटा कॅरसेट’ यूटीएफ-८ द्या, नाहीतर अक्षरांच्या जागी कचरा दिसण्याचा धोका. आणि ‘व्ह्यूपोर्ट’चा मेटा टॅग, ज्यात रुंदी उपकरणाइतकी सांगतात. तो नसला तर फोनवर सगळं मुंगीएवढं दिसतं, आणि तुमचं पान बघणारे बहुतेक लोक फोनवरच असणार.

जुन्या फाइलींतून मजकूर आणत असाल तर तो युनिकोडमध्ये आहे ना ते पाहा. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो. वेबवर तो अगम्य दिसतो, शोधातही सापडत नाही. आधी रूपांतर करून मगच पानावर घ्या, आणि रूपांतरानंतर ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि रफार डोळ्यांनी तपासा.

फाँटविषयी माझं मत: लहान पानासाठी बाहेरून फाँट आणूच नका. अँड्रॉइडवर नोटोचा देवनागरी फाँट असतो, विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर. वाचायला तिन्ही चांगले, आणि कमी रेंजच्या गावातही पान चटकन उघडतं. पानाला स्वतःचा चेहरा हवाच असेल तर एक टाइपचा मुक्त, किंवा खास मराठीसाठी काढलेला टिरो देवनागरी मराठी, हे खुल्या परवान्याचे फाँट आहेत. फाइल आपल्याच रिपॉझिटरीत ठेवा. सीएसएसमध्ये ओळींतलं अंतर १.६ ते १.७ पट द्या, कारण वर वेलांट्या आणि खाली उकार यांना जागा लागते. ‘लेटर-स्पेसिंग’ला देवनागरीत हात लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. आकड्याच्या चौकटीचा प्रकार मी ‘नंबर’ ठेवला होता. अनेक ब्राउझरांत ती चौकट देवनागरी अंक घेतच नाही. प्रकार ‘टेक्स्ट’ करून ‘इनपुटमोड’ला ‘न्यूमेरिक’ दिलं आणि आलेले देवनागरी अंक कोडमध्ये रोमन अंकांत बदलून घेतले, तेव्हा दोन्ही चालू लागलं. लोक स्वल्पविरामासकट आकडा चिकटवतात, तोही काढून टाका. आकडा परत पानावर दाखवायला जावास्क्रिप्टचं ‘टूलोकेलस्ट्रिंग’ (‘लोकेल’चा ‘एल’ आणि ‘स्ट्रिंग’चा ‘एस’ मोठे) ‘एमआर-आयएन’ देऊन वापरलं की १,२५,७५० असं लाख-हजाराच्या स्वल्पविरामांसह देवनागरीत मिळतं.

पेजेस चालू करणं

फाइल कमिट करून चढवा. मग रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये डावीकडे ‘पेजेस’, म्हणजे गिटहबची मुखपृष्ठाची सोय. स्रोत म्हणून ‘डिप्लॉय फ्रॉम अ ब्रँच’, ब्रँच ‘मेन’, फोल्डर ‘रूट’, आणि ‘सेव्ह’. मुखपृष्ठाच्या फाइली कोडपासून वेगळ्या ठेवायच्या असतील तर त्या ‘डॉक्स’ नावाच्या फोल्डरात ठेवून तो निवडा. तिसरं कुठलं फोल्डर या मार्गाने चालत नाही.

पान यायला दहा मिनिटांपर्यंत लागू शकतात. ‘ॲक्शन्स’च्या पानावर काम चालू असल्याचं दिसतं, शेवटी हिरवी खूण किंवा लाल फुली येते. पत्ता असा: वापरकर्ता.गिटहब.आयओ/अंक-अक्षरी. वापरकर्ता.गिटहब.आयओ याच नावाची वेगळी रिपॉझिटरी काढलीत तर तिचं पान थेट मूळ पत्त्यावर, पुढे काही न लागता येतं. ती खात्याला एकच मिळते, म्हणून तिथे मी माझ्या सगळ्या प्रकल्पांची यादी ठेवली आहे.

घरी चालणारं पान इथे मोडतं ते बहुतेक पुढच्या कारणांनी. सगळ्यात वारंवार होणारी चूक: सीएसएस किंवा कोडच्या फाइलीचा मार्ग तिरक्या रेघेने सुरू केलेला असणं. अशी रेघ म्हणजे मूळ पत्ता, आणि तुमचं पान तर ‘/अंक-अक्षरी/’च्या आत आहे, म्हणून फाइल सापडत नाही आणि पान उघडंबोडकं दिसतं. सुरुवातीची रेघ काढा. दुसरं, विंडोजला ‘चित्र.जेपीजी’तली लहान-मोठी अक्षरं सारखीच, पण गिटहबच्या सर्व्हरला ती वेगळी. तिसरं, पेजेस तुमच्या फाइली डीफॉल्टने जेकिल या साधनातून नेतो आणि जेकिल खालच्या रेघेने सुरू होणारी नावं गाळतो. जेकिल नको असेल तर मूळ फोल्डरात ‘.नोजेकिल’ नावाची रिकामी फाइल ठेवा.

पीएचपी किंवा डेटाबेस इथे चालत नाही. जे काही घडायचं ते बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये घडतं. अंक-अक्षरीसाठी ते उत्तमच, पतसंस्थेच्या रकमा कुठल्याही सर्व्हरकडे जात नाहीत, आणि हे मी पानावर स्पष्ट लिहिलं आहे. पानासाठी मर्यादा १ जीबीची, जी अशा कामाला कधीच पोचत नाही.

रिपॉझिटरीचं नाव नंतर बदलू नका. कोडचे जुने दुवे गिटहब नव्या नावाकडे वळवतो, मुखपृष्ठाचा पत्ता मात्र वळत नाही. बहिणीच्या कार्यालयात तो पत्ता चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवलेला आहे.

स्वतःचं डोमेन

जमलं तर घ्या. वर्षाला थोडा खर्च येतो, पण उद्या सेवा बदलली तरी लोकांचा पत्ता तोच राहतो. उपडोमेन असेल तर नोंदणीदाराच्या डीएनएसमध्ये (कोणतं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं याच्या नोंदवहीत) ‘सीनेम’ नोंद करून ती वापरकर्ता.गिटहब.आयओ कडे वळवा, रिपॉझिटरीचं नाव न जोडता. मूळ डोमेनच वापरायचं तर चार ‘ए’ नोंदी: १८५.१९९.१०८.१५३ आणि तिसऱ्या गटात १०९, ११०, १११ असलेल्या उरलेल्या तीन. मग पेजेसच्या सेटिंग्जमध्ये डोमेन भरा आणि प्रमाणपत्र आलं की ‘एनफोर्स एचटीटीपीएस’वर खूण करा. डीएनएस पसरायला एक दिवसही लागतो. खात्याच्या सेटिंग्जमध्ये डोमेनची पडताळणी करून ठेवा. पुढे कधी पेजेस बंद केलं आणि डीएनएसची नोंद तशीच राहिली, तर पडताळणी नसलेल्या डोमेनवर दुसरा कुणी आपलं पान लावू शकतो.

लोक येऊ लागले की

‘इश्यूज’, म्हणजे चुका आणि सूचना नोंदवायची जागा, चालू ठेवा आणि मुखपृष्ठावरून ‘चूक सापडली? इथे सांगा’ असा थेट दुवा द्या. नावांची यादी वेगळी ठेवल्याचा फायदा इथे दिसला. गिटहबवर फाइल उघडून पेन्सिलच्या खुणेवर टिचकी मारली की ब्राउझरमध्येच बदल करता येतो. दुसऱ्याच्या रिपॉझिटरीत असाल तर गिटहब आपोआप तुमच्या खात्यात प्रत (फोर्क) काढतो आणि बदल ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणून, म्हणजे तो घ्यावा या विनंतीसह, पाठवता येतो. टर्मिनल कधी न पाहिलेला माणूसही एक शब्द दुरुस्त करू शकतो. रीडमीमध्ये हे चार ओळींत समजावून सांगा.

मतभेदाच्या गोष्टी मात्र तिथल्या तिथे मिटवू नका, वेगळ्या फांदीवर (ब्रँचवर), म्हणजे मेनला धक्का न लावता चालणाऱ्या कामाच्या शाखेवर, करून पाहा. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आणली आणि त्यावर मोठा वाद झाला. ती पद्धत अंक-अक्षरीत असावी, असं मला वाटतं, पण पर्याय म्हणून. त्यासाठी:

गिट स्विच -सी नवी-वाचनपद्धत

तिथे काम करायचं, कमिट करायचं, तीच फांदी चढवायची, आणि पूर्ण झाल्यावरच मेनमध्ये मिसळायची. मुखपृष्ठ मेनवरून तयार होतं, म्हणून पतसंस्थेच्या पावतीवर ‘वीस सात’ चुकून उमटत नाही.

दुसरी जागा

आता सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. कोडबर्ग ही बर्लिनची ना-नफा संस्था अशीच सेवा देते, गिटलॅबही देतं. तिथे खातं काढून, तीच ‘.पब’ ओळ चिकटवून, रिकामी रिपॉझिटरी करा आणि:

गिट रिमोट ॲड दुसरी गिट@कोडबर्ग.ऑर्ग:वापरकर्ता/अंक-अक्षरी.गिट
गिट पुश दुसरी --ऑल
गिट पुश दुसरी --टॅग्ज

‘दुसरी’ हे नाव तुम्ही ठेवाल ते. महिन्यातून एकदा शेवटच्या दोन आज्ञा दिल्या की पुरे. इश्यूंमधल्या चर्चा मात्र गिटच्या इतिहासात नसतात, त्या अशा हलत नाहीत. म्हणून एखादा शब्द का बदलला याचं कारण मी कमिटच्या संदेशातच लिहितो.

शेवटी दुसऱ्या एखाद्या संगणकावर, शक्यतो दुसऱ्याच्या, हे करून बघा: ‘गिट क्लोन’ पुढे तुमच्या रिपॉझिटरीचा एचटीटीपीएस पत्ता, मग फोल्डर उघडून रीडमीत लिहिलंय तेवढंच आणि तसंच करा, काही मनाने न जोडता. मी हे बहिणीच्या कार्यालयातल्या संगणकावर केलं. रीडमीतली दुसरी पायरी तिथे चालली नाही, कारण मी माझ्या लॅपटॉपवरचा मार्ग तसाच लिहून ठेवला होता. ती ओळ तिथेच पेन्सिलने दुरुस्त केली, मग आकड्याच्या चौकटीत १०० टाकलं. ‘शंभर’ आलं.